न ऐकू येणाऱ्या नादाची नोंदवही

साहित्याच्या प्राध्यापकाने वायुमंडलावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते शाळेच्या ओसरीवरील वायुदाबमापकाची नोंद रोज सकाळी आम्हां विद्यार्थ्यांकडून करवून घेत. एका दिवसाच्या आकड्यातून फारसे काही कळत नाही, वह्यांची थप्पी साचली म्हणजे कळू लागते, असे ते सांगत. त्या थप्पीचेच हे पुढचे प्रकरण आहे.

सेकंदाला सुमारे २० कंपनांहून मंद नाद मनुष्याच्या कानाला ऐकू येत नाही. त्यास अवश्राव्य ध्वनी म्हणतात. हवेत तो फारसा विरत नसल्याने हजारो किलोमीटर जाऊ शकतो. १९९६ साली सर्वंकष अणुचाचणीबंदी करार स्वाक्षरीसाठी खुला झाला, तेव्हा चोरून केलेला स्फोट हुडकण्यासाठी असा ध्वनी टिपणारी ६० केंद्रे जगभर उभारण्याचे ठरले. त्यांपैकी पन्नासांहून अधिक आज चालू आहेत. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळ समुद्रातील ज्वालामुखी फुटला, तेव्हा त्याची दाबलहर पृथ्वीप्रदक्षिणा करताना या केंद्रांनी टिपली.

पण या केंद्रांना समुद्रही ऐकू येतो. समोरासमोरून येणाऱ्या लाटा भिडल्या की सुमारे पाच सेकंदांच्या आवर्तनाचा अखंड हुंकार उठतो. स्फोट शोधणाऱ्याला तो निव्वळ गोंगाट. वातावरणाच्या अभ्यासकाला मात्र तेच धन. कारण हा नाद तीस ते साठ किलोमीटर उंचीवरील थरांतून वळून जमिनीवर परततो. वाटेतील वारा व तापमान यांनुसार त्याचा वेग आणि दिशा बदलते. हवामानखात्याचे फुगे साधारणतः तीस-पस्तीस किलोमीटरांपलीकडे जात नाहीत; तेथून पुढची वार्ता हा नाद आणतो.

उत्तर फिनलंडमध्ये दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस कालबाह्य दारूगोळा स्फोटाने नष्ट करतात. जागा ठाऊक असते, स्फोटाची वेळही काढता येते. सुमारे १८० किलोमीटरांवरील नॉर्वेतील केंद्रात नाद किती उशिरा आणि कोणत्या दिशेने पोहोचला, यावरून संशोधकांनी तीस वर्षांतील उंचावरच्या वाऱ्यांचे अनुमान केले आहे.

याचा हवामानाशी संबंध निकटचा आहे. ध्रुवाभोवतीचे उंचावरील हिवाळी वारे कधी कधी अकस्मात उलटतात आणि पुढील काही आठवड्यांत युरोपात कडाक्याची थंडी पडण्याचा संभव वाढतो. डोंगर आणि वादळे यांमुळे हवेत उठणाऱ्या लहान लाटा या वाऱ्यांना आवर घालतात. संगणकीय प्रतिमानांत त्या लाटा बहुधा अंदाजाने धराव्या लागतात. तो अंदाज पडताळण्यास या केंद्रांच्या नोंदी उपयोगी पडतात.

केवळ या नोंदींवरून हवामानबदल सिद्ध होणार नाही. पण उंचावरील वाऱ्यांत पालट होत आहे का, हे ओळखण्यासाठी कित्येक दशकांची अखंड नोंद हवी आणि ही मालिका जेमतेम पाव शतकाची आहे. मध्येच एखादे केंद्र बंद पडले, तर गेलेली वर्षे पुन्हा मोजता येत नाहीत. संशयापोटी लावलेला हा कान ज्ञानासाठी उघडा ठेवणे, हे आता पुढच्या पिढीचे काम होय. गुरुजींच्या वहीतही कोरे पान चालत नसे.