स्थानकावरचा पार्सल लॉकर: कोणाच्या मताला किती वजन?

जर्मनीत डीएचएल या कुरिअर कंपनीने 2001 मध्ये डॉर्टमुंड आणि माइंझ या शहरांत पार्सल लॉकर आणले. पुढे ते रेल्वे स्थानकांवरही पोचले. हॅम्बुर्गमध्ये तर कोणत्याही कुरिअर कंपनीला वापरता येतील असे सामायिक लॉकर बसले. प्रवासी स्थानकावर येतोच. घरी जाताना मोबाइलवर आलेला कोड टाकून त्याने पार्सल घ्यायचं. घराला कुलूप दिसलं म्हणून कुरिअरवाल्याची होणारी दुसरी फेरी वाचते.

वाद होतो तो जागेवरून. प्रवाशाला लॉकर रोजच्या वाटेवर हवा. कुरिअरवाल्याला गाडी उभी करण्याची सोय हवी. स्थानकप्रमुखाला आपत्कालीन वाट मोकळी हवी. महापालिकेची काळजी वेगळी: लोक केवळ पार्सलसाठी मोटार काढून येऊ लागले, तर वाचलेलं इंधन तिथेच खर्च होईल.

“तुम्हाला काय महत्त्वाचं?” असं विचारलं, की प्रत्येक जण “सगळंच” म्हणतो. यावर डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातले जाफर रेझाई यांनी 2015 मध्ये एक चांगली पद्धत मांडली. आधी सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत बिनमहत्त्वाचा निकष निवडायचा. मग बाकीच्यांची तुलना फक्त या दोघांशी, 1 ते 9 अंकांत. आठ निकष असतील तर प्रत्येक जोडी तपासायला 28 प्रश्न लागतात; इथे 13 पुरतात.

समजा, प्रवासी म्हणाला: कमी चालणं हे उजेड-सुरक्षिततेच्या दुप्पट आणि चोवीस तास उघडं असण्याच्या सहापट महत्त्वाचं, सुरक्षितता चोवीस तासांच्या तिप्पट. दोन त्रिक सहा, म्हणजे उत्तरं एकमेकांशी जुळतात. वजनं निघतात 60, 30 आणि 10 टक्के. प्रत्येक जागेला निकषवार गुण देऊन त्यांना या वजनांनी गुणलं, की त्या जागेचे एकूण गुण मिळतात.

आता खरी अडचण: वेगवेगळ्या गटांचे गुण एकत्र कसे करायचे? समजा, वाहनतळाला प्रवाशांकडून 5 आणि कुरिअरवाल्यांकडून 9 गुण पडले. सायकलतळाला 7 आणि 6. सरासरीत वाहनतळ जिंकतो, 7 विरुद्ध 6.5. पण प्रवासी तिथवर गेलेच नाहीत, तर कप्पे पार्सलांनी अडून राहतील आणि कुरिअरवाल्याचे 9 गुणही व्यर्थ जातील. म्हणून ब्रुसेल्सच्या कॅथी मॅकारिस यांच्या पद्धतीत प्रत्येक गटाचे निकष आणि निकाल वेगळे ठेवून शेजारी-शेजारी मांडतात. कोणाचं कुठे बिनसतंय ते सगळ्यांना दिसतं आणि चर्चा तिथून सुरू होते. मला हीच रीत योग्य वाटते.

आपत्कालीन वाट मात्र या तराजूत घालूच नये. ती अट आहे. जी जागा ती अडवते, ती गुण देण्याआधीच बाद करावी. व्हीलचेअरवरच्या प्रवाशाचंही तसंच. असे प्रवासी संख्येने थोडे, त्यामुळे सर्वेक्षणात त्यांचं मत बुडतं. हाताला येणारे खालचे कप्पे त्यांच्यासाठी राखून ठेवायची सोय लॉकर मागवतानाच करारात लिहून घ्यावी.