२०, २१, २२, २३ : यातलं वेगळं कोण?

शिष्यवृत्ती परीक्षा म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात गावाच्या अब्रूचा प्रश्न. भुदरगड, राधानगरी, कागलकडच्या शाळांत जादा तास भरतात, दिवाळीच्या सुट्टीतही सराव पेपर चुकत नाहीत, आणि पोर गुणवत्ता यादीत आलं की चौकात फलक लागतो. ही परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला असे. २०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला गेली, आता पुन्हा चौथी-सातवीकडे वळली आहे. इयत्ता बदलल्या, तरी बुद्धिमत्ता चाचणीतला ‘वर्गीकरण’ हा घटक कायम आहे. चार पर्यायांतला गटात न बसणारा ओळखायचा आणि गोल रंगवायचा.

व्यास, त्रिज्या, जीवा, स्पर्शिका. इथं उत्तर स्पर्शिका, कारण ती रेषा आहे आणि उरलेले तिघे रेषाखंड. एखादा हुशार पोरगा म्हणेल, “त्रिज्या वेगळी, गुरुजी. तिची दोन्ही टोकं वर्तुळावर नसतात.” खरं आहे, पण स्पर्शिकेलाही ते लागू पडतं. म्हणजे या कारणानं एकाऐवजी दोघी बाहेर पडतात आणि कारण बाद होतं. एक बाहेर, तिघं एकत्र, कसोटी एवढीच.

आता शीर्षकातल्या संख्या घ्या. तयारी झालेलं पोर क्षणात २३ म्हणेल, कारण तेवढी एकच मूळ संख्या आहे. पण हाच प्रश्न देवळालीच्या शाळेतल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर गुरुजींना घातला असता, तर त्यांनी बहुधा २० वर बोट ठेवलं असतं. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते : १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१, २० मध्ये २ आणि ० मिळवले की २२, १६ मध्ये १ आणि ६ मिळवले की २३. विसाला मात्र असा जन्मदाता सापडत नाही. अशा संख्यांना कापरेकरांनी ‘स्वयंभू’ म्हटलं. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ ही त्यांची सुरुवात. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये या कामाबद्दल लिहिलं, तेव्हा कुठे ते जगभर पोचलं. २३ काय आणि २० काय, दोन्ही उत्तरं वरच्या कसोटीला उतरतात.

परीक्षेत एवढा विचार करायला सवड नाही. ९० मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. घड्याळाशिवाय विचार कसा होतो, याचं उदाहरणही कोल्हापूरशीच जोडलेलं आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचा जन्म इथला, १९ जुलै १९३८ चा. आजोळ इथल्या हुजूरबाजारांचं. पुढे बनारसच्या घरी मोरूमामा हुजूरबाजार फळ्यावर भाच्यासाठी एक अवघड गणित लिहून ठेवत, आणि भाचा ते सोडवीपर्यंत किंवा हात टेकेपर्यंत ते तिथंच राहायचं. घड्याळ लावलेलं नसायचं. सगळ्यांना मोरूमामा कुठून मिळणार, हेही खरंच. पण जादा तासाला पोरं कारणं शोधायला शिकत नाहीत, कारणांचा क्रम पाठ करतात : आधी मूळ-संयुक्त, मग सम-विषम, मग वर्ग-घन, मग अंकांची बेरीज. गुण मिळवायला हा क्रम उत्तम आहे. गणिताशी त्याचा संबंध थोडाच.

दोष गुरुजींचा नाही. ८, २७, ६४, १०० असे पर्याय दिले, तर १०० घन नाही म्हणून वेगळा आणि २७ एकटाच विषम म्हणून वेगळा. असा प्रश्न सुटतो फक्त प्रश्न काढणाऱ्याच्या मनातलं ओळखून. राज्य परीक्षा परिषद आधी अंतरिम उत्तरसूची काढते, आक्षेप मागवते, मग अंतिम सूची जाहीर करते. पद्धत चांगली आहे. पण सूचीत छापलेला असतो तो नुसता पर्यायाचा क्रमांक. आक्षेप घेणाऱ्यानं कारण द्यायचं आणि परिषदेनं आकडा, हे काही बरोबरीचं नाही. वर्गीकरणाच्या प्रश्नांपुरती तरी परिषदेनं क्रमांकाशेजारी कारणाची एक ओळ छापावी.