सेविकांनी फोन परत का केले?

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल प्रकल्प कार्यालयांत परत नेऊन द्यायला सुरुवात केली. आंदोलनाचे नावच ‘मोबाइल वापसी’ पडले. राज्यातल्या सेविकांची संख्या लाखाच्या घरात आहे, म्हणजे ही एखाद-दुसरीची कुरकुर नव्हती.

‘बायकांना नवे शिकायला नको’ असे तेव्हा कुणी म्हटले असेल, तर ते साफ चूक. फोन २०१९ च्या सुमारास हाती आले, तेव्हा त्यावरचे पहिले ॲप मराठीत होते. पन्नाशीच्या सेविकाही ते शिकल्या. अनेक रजिस्टरे लिहिण्याचा त्रास कमी होणार, याचा त्यांना आनंदच होता.

बिघडले ते नंतर. १ मार्च २०२१ रोजी त्या ॲपच्या जागी केंद्राचा ‘पोषण ट्रॅकर’ आला. तो इंग्रजीत होता आणि हातातल्या फोनची रॅम जेमतेम २ जीबी. ॲप उघडले की फोन हँग, फोन तापला की माहिती गायब. वॉरंटी संपल्यावर दुरुस्तीचा खर्च सेविकेच्याच माथी येऊ लागला, आणि तोही हजारांत. तेव्हा मानधन होते महिना साडेआठ हजारांच्या आतबाहेर. मुलाचे वजन किलोत अचूक मोजणारी बाई इंग्रजी रकान्यांपुढे अडत होती, आणि दोष मात्र तिच्यावर येत होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेले.

संघटनांनी मागितले ते एवढेच: चालणारा फोन आणि मराठी ॲप. दोन्ही यथावकाश मिळाले, पण त्यासाठी आंदोलने करावी लागली.

आता अडचणीचे रूप बदलले आहे. जुलै २०२५ पासून गरोदर व स्तनदा माता आणि तीन वर्षांखालच्या बालकांचा घरी न्यायचा आहार, म्हणजे टीएचआर, चेहरा पडताळूनच द्यायचा असा नियम आला. आधी आधारशी जोडलेल्या नंबरवर ओटीपी, मग फोटो. बदलापूरच्या बेलवलीसारख्या वस्तीत याचा अर्थ काय होतो? घरचा कर्ता माणूस सकाळच्या लोकलने कामाला गेलेला असतो. आधारला त्याचाच नंबर असेल तर ओटीपी त्याच्या खिशात वाजतो. बाळ कडेवर घेऊन आई अंगणवाडीच्या दारात उभी, आणि सेविका फोन लावून आकडे विचारते आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्या, नंबर बदललेल्या कुटुंबांचे तर आणखी कठीण.

शिधा योग्य घरी पोचावा, बनावट नावे गळावीत, हा हेतू रास्तच आहे. कुपोषित मूल वेळेत नजरेस येण्यासाठी नोंदीही हव्यातच. पण १९७५ पासून चालत आलेल्या अंगणवाडी योजनेत सेविकेचे खरे काम मुलांना शिकवणे, खाऊ घालणे, वजन-उंची घेणे आणि घरभेटी हे आहे. पडद्यावर गेलेला प्रत्येक तास याच कामातून कापला जातो.

म्हणून शासनाने एवढे करावे: ॲपमधला पुढचा बदल आधी चालत्या अंगणवाडीत, सेविकेच्याच फोनवर आणि तिथल्याच रेंजवर करून पाहावा. तिने ‘जमत नाही’ म्हटले तर ॲप दुरुस्त करावे. आणि ओटीपी आला नाही म्हणून कुठल्याही बाळाचा आहार अडवू नये.