पुठ्ठ्याची पितळी टोपी

वाफेचे यंत्र हे मानवी पराक्रमाचे शिखर मानले जात असताना त्या काळच्या माणसाने भविष्याचे जे स्वप्न पाहिले असते, ते पितळ, चामडे व दातेरी चक्रे यांच्या साहाय्याने आज पुन्हा उभे करणारी एक हौशी वेषभूषा पाश्चात्य देशांत रूढ झाली आहे. तिच्या मुळाशी असलेल्या कथाप्रकारास के. डब्ल्यू. जीटर या अमेरिकन कादंबरीकाराने १९८७ साली थट्टेच्या सुरात ‘स्टीमपंक’ असे नाव दिले. या वेषाचा मुकुटमणी म्हणजे उंच, नळकांड्यासारखी साहेबी टोपी.

खानदेशातल्या फैजपुरास हा प्रकार अगदीच परका वाटण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळवरून पुढे खंडव्याकडे गेली, तिचे सावदा स्टेशन फैजपूरच्या पंचक्रोशीतलेच. आणि कापूस पिकवणाऱ्या खानदेशात सरकी काढणारी जिनेही वाफेवर चालू लागली. तेव्हा स्नेहसंमेलनातल्या सोंगासाठी अशी टोपी करून तिच्यावर चक्र बसवायचे तर ते लंडनच्या चित्रावरून उतरवण्यापेक्षा जिनातल्या चक्राबरहुकूम कापावे, हे मला अधिक सयुक्तिक वाटते.

साहित्याची तजवीज घरबसल्या होते. केळीच्या या मुलखात पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्यांना तोटा नाही. डोक्याचा घेर छप्पन्न सेंटिमीटर असेल तर अठ्ठावन्न सेंटिमीटर लांब व चौदा सेंटिमीटर उंच अशी पट्टी घ्यावी. मात्र पन्हळी उभ्या राहतील अशीच ती कापावी, कारण पन्हळी आडव्या आल्या की पुठ्ठा वळताना जागोजागी मोडतो आणि ती मोड पुढे कोणत्याही रंगाने झाकली जात नाही. पट्टीच्या खालच्या कडेला दीड-दीड सेंटिमीटरच्या चिरा देऊन सुटणाऱ्या जिभा बाहेर दुमडाव्यात आणि काठाच्या दोन चकत्यांमध्ये फेव्हिकॉलने दाबून टाकाव्यात. काठाचे भोक वर्तुळाकार न ठेवता किंचित लंबगोल कापावे; माणसाचे मस्तक गोल नसते, ही गोष्ट नवशिका हमखास विसरतो.

खरी करामत रंगाची. प्रथम सर्वांगावर काळा हात मारावा. तो पुरता वाळल्यावर कुंचला सोनेरी रंगात बुडवून रद्दीवर जवळजवळ कोरडा होईतो पुसावा आणि मग केवळ उंचवट्यांवरून फिरवावा. खाचांत काळोख राहतो, कडा झळकतात, आणि वर्षानुवर्षे हाताळलेल्या पितळेचा भास होतो. मसुराची डाळ ओळीने चिकटवून रंगवली की तिचे रिव्हेट बनतात. दोन जुन्या बांगड्यांत एक्स-रेच्या फिल्मचे गोल बसवले की गॉगल तयार. कागदाला बेगड लावून सुवर्णाचा थाट करण्याचा दस्तूर आपल्या बाशिंगकारांनी कधीपासून सांभाळला आहे, त्यामुळे या लबाडीला नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला तरी नाही.

तथापि याच फैजपुरात अगदी उलट दृष्टीचेही एक थोर उदाहरण घडले. डिसेंबर १९३६ मध्ये, जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली, खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन येथे झाले. त्यासाठी उभारलेल्या टिळकनगराची सजावट गांधीजींच्या इच्छेने शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी केली. आसपास मिळणारा बांबू व खेडुताच्या रोजच्या वापरातले जिन्नस हीच त्यांची सामग्री. पण तेथे बांबू बांबूच राहिला, त्याला संगमरवराचे सोंग घ्यावे लागले नाही. त्या निकषावर आपली टोपी नापासच ठरेल. माझा कौल तरीही तिच्या बाजूने आहे, कारण नगर वसवणे निराळे आणि सोंग आणणे निराळे. स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर पुठ्ठ्याने पुठ्ठा म्हणून मिरवले तर प्रेक्षकाला कोणता आनंद? फक्त सजावट एकाच बाजूला लादू नये. चक्रे, नळ्या व गॉगल उजवीकडेच दाटले तर टोपी कलते आणि अभिनेत्याचा एक हात सबंध प्रवेशभर तिच्या बंदोबस्तात गुंतून राहतो. आतून हनुवटीखाली जाणारे काळे इलॅस्टिक शिवून टाकावे.