चिकू चिप्सच्या पाकिटावर काय हवं?

काल डहाणू तालुक्यातल्या आगरमधल्या बचत गटाच्या एका ताईंनी चिकू चिप्सचं पाकीट दाखवलं. चव अप्रतिम! पण वर फक्त नाव आणि फोन नंबर.

पाकीटबंद खाद्यपदार्थ विकताना १४ अंकी एफएसएसएआय (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण) क्रमांक लागतोच. सोबत घटक, निव्वळ वजन, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, वापराची अंतिम तारीख, पत्ता, एमआरपी आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे. चिकू बर्फीत दूध असेल तर ॲलर्जीची सूचना स्वतंत्र हवी. ही ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एखाद्या लेकराचा जीव तिच्यावर अवलंबून असतो.

आणखी एक: डहाणू घोलवड चिकूला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला. ते नाव वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करा.

तुमच्या लेबलबद्दल काही शंका असेल तर खाली विचारा.