मदरबोर्ड-बदल, संगणकातील

संगणकातील निकामी वा कालबाह्य झालेला मदरबोर्ड काढून त्याच्या जागी दुसरा बसविणे आणि तसे करताना हार्डडिस्कवरील प्रचालन प्रणाली, अनुप्रयोग आज्ञावल्या व साठविलेली माहिती जशीच्या तशी चालू ठेवणे, या प्रक्रियेस मदरबोर्ड-बदल म्हणतात. बोर्ड बदलण्याचे यांत्रिक काम तासाभरात उरकते. जुनी प्रचालन प्रणाली नव्या बोर्डावर सुरू होईल की नाही, हा या विषयातील खरा प्रश्न होय.

घरगुती संगणकात प्रचालन प्रणाली नव्याने भरणे हा सोपा मार्ग असतो. औद्योगिक वापरात तसे नसते. पिंपरी-चिंचवड–चाकण पट्ट्यात, तसेच चिंचवडसमोर पवना नदीच्या पलीकडच्या तीरावरील थेरगाव व आसपासच्या वस्त्यांत वाहन उद्योगाला सुटे भाग पुरविणाऱ्या अनेक लहान कार्यशाळा आहेत. अशा कार्यशाळेत संगणक-नियंत्रित यांत्रिक हत्यारांना कार्यक्रम पुरविणारा, मापनयंत्र चालविणारा किंवा प्रत्यक्ष नियंत्रकाचाच भाग असलेला संगणक दहा-पंधरा वर्षे जुना असणे नवलाचे नाही. उदा., सीमेन्सच्या सिन्युमेरिक ८४०डी नियंत्रकाबरोबर येणारे पीसीयू ५० हे संगणक-एकक विंडोज एनटी व पुढे विंडोज एक्सपी या प्रणालींवर चालते. यंत्राबरोबर आलेली मूळ तबकडी हरवलेली असते, आज्ञावली तयार करणारी संस्था कधी बंद पडलेली असते, आणि यंत्राचे अंशन (मोजमापाची जुळणी) व गिऱ्हाइकांच्या भागांचे कार्यक्रम त्याच हार्डडिस्कवर असतात. प्रणाली पुसली गेली, तर उत्तम स्थितीतील यंत्रही निरुपयोगी ठरते. म्हणून प्रणाली न पुसता बोर्ड बदलण्याच्या पद्धतीस येथे विशेष महत्त्व आहे.

रचना व परावलंबन : मदरबोर्ड हा बहुस्तरीय मुद्रित मंडलाचा फलक असून त्यावर प्रक्रियकाची खोबण, स्मृतिपट्ट्यांच्या खाचा, चिपसंच, साठवण नियंत्रक, जाळे-जोडणी, विस्तार खाचा आणि बायॉस किंवा यूईएफआय ही प्रारंभक आज्ञावली धारण करणारी चिप असते. इंटेल कंपनीने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स या मानकामुळे (पूर्ण आकार ३०५ × २४४ मिमी.) निरनिराळ्या उत्पादकांचे बोर्ड एकाच पेटीत बसतात. ही अदलाबदल यांत्रिक पातळीवरच पूर्ण होते. प्रचालन प्रणाली बसविली जाते तेव्हा ती समोरच्या बोर्डाची ओळख करून घेते व त्यास अनुरूप ड्रायव्हर (घटक चालविणाऱ्या लहान आज्ञावल्या) निवडते. बोर्ड बदलला की ही ओळख चुकीची ठरते.

सर्वांत नाजूक दुवा साठवण नियंत्रकाचा होय. प्रणाली सुरू होताना प्रथम प्रारंभक आज्ञावली हार्डडिस्कवरून प्रणालीचा गाभा स्मृतीत आणते. त्यानंतर गाभा स्वतःच्या ड्रायव्हरद्वारे डिस्क वाचू लागतो. तो ड्रायव्हर नव्या नियंत्रकाशी जुळत नसेल, तर गाभ्याला ज्या डिस्कवरून तो आला तीच दिसेनाशी होते. विंडोजमध्ये अशा वेळी निळ्या पडद्यावर ७बी हा त्रुटिसंकेत उमटतो. डिस्क खराब झाली असा यावरून ग्रह होतो व घाईने प्रणाली नव्याने भरली जाते. वस्तुतः त्या वेळी डिस्कवरील माहिती सुरक्षित असते. पुष्कळदा नव्या बोर्डाच्या मांडणीत साठवण नियंत्रक जुन्याप्रमाणे आयडीई, एएचसीआय वा रेड यांपैकी योग्य त्या पद्धतीवर ठेवला की अडचण दूर होते. बोर्डावरील रेड नियंत्रकाने अनेक डिस्क जोडल्या असतील, तर मात्र नवा बोर्ड त्याच कुळातील असणे इष्ट असते. अन्यथा त्या डिस्कांची एकत्रित मांडणी ओळखली जात नाही.

प्रणालींनुसार भेद : विंडोज एनटी, २००० व एक्सपी या प्रणाली बसविताना यंत्रसामग्री-पृथक्करण स्तर (गाभा व बोर्ड यांमधील मध्यस्थ थर) कायमचा निवडला जातो. तो नव्या बोर्डाशी न जुळल्यास प्रणाली आरंभीच थांबते. एक्सपीसाठी दोन उपाय रूढ आहेत. जुना बोर्ड अजून चालत असल्यास साठवण नियंत्रकाचा विशिष्ट ड्रायव्हर काढून त्या जागी सर्वसामान्य आयडीई ड्रायव्हर नेमतात व मगच बोर्ड बदलतात. बोर्ड आधीच बंद पडला असल्यास मूळ तबकडीवरून ‘दुरुस्ती स्थापना’ करतात. तीत प्रणालीच्या फायली नव्याने लिहिल्या जातात, परंतु आज्ञावल्या व माहिती राहते. एक्सपीत एएचसीआयचा ड्रायव्हर मुळात नसल्याने नियंत्रक आयडीई पद्धतीवर ठेवावा लागतो आणि अलीकडील बहुतेक बोर्डांवर ती पद्धतच उरलेली नाही. म्हणून एक्सपीच्या संगणकासाठी जुन्या पिढीचाच बोर्ड शोधणे श्रेयस्कर ठरते.

विंडोज ७ मध्ये आवश्यक ड्रायव्हर प्रणालीत असतात, पण न वापरलेले ड्रायव्हर आरंभी जागे होत नाहीत. प्रणालीच्या रजिस्ट्रीत (मांडणीच्या नोंदसंग्रहात) त्यांचे आरंभ-मूल्य बदलून ते जागे करावे लागतात. यूएसबी ३ चा ड्रायव्हर या प्रणालीत अंगभूत नसल्याने २०१५ नंतरच्या अनेक बोर्डांवर कळफलक व माउस प्रतिसाद देत नाहीत. विंडोज ८ पासून ही स्थिती पुष्कळ सुधारली. विंडोज १० व ११ बहुधा पहिल्याच प्रारंभात नवे घटक ओळखतात, एकदोनदा आपोआप पुन्हा सुरू होतात व चालू लागतात; न झाल्यास एकदा सुरक्षित पद्धतीने सुरू केल्यावर साठवण ड्रायव्हर कामास लागतो. सिसप्रेप या साधनाने प्रणाली बोर्डनिरपेक्ष करता येते. परंतु त्यामुळे प्रणालीची ओळखचिन्हे बदलतात व काही परवानाबद्ध आज्ञावल्या बंद पडतात. म्हणून यंत्राशी निगडित संगणकावर ते टाळावे.

लिनक्स प्रणालीच्या गाभ्याबरोबर बहुतेक ड्रायव्हर असतातच व ते प्रत्येक प्रारंभी नव्याने निवडले जातात; त्यामुळे तेथे बोर्ड-बदल सर्वांत सुकर असतो. मात्र प्रारंभिक स्मृतिचित्र केवळ जुन्या बोर्डापुरते तयार केले असेल, तर ते सर्वसमावेशक करून घ्यावे लागते. जाळे-जोडणीचे नाव बदलत असल्याने स्थिर पत्ता दिलेल्या संगणकाचा जाळ्याशी संपर्क तुटतो; ती नोंद हाताने दुरुस्त करावी लागते.

प्रारंभक व गुप्तलेखन : जुन्या बायॉसवर बसविलेली प्रणाली केवळ यूईएफआय स्वीकारणाऱ्या बोर्डावर सुरू होत नाही. विंडोज १० च्या २०१७ मधील आवृत्तीपासून डिस्कची विभागणी माहिती न पुसता जुन्या पद्धतीतून नव्या पद्धतीत आणणारे साधन उपलब्ध आहे. यूईएफआयची प्रारंभ-नोंद बोर्डावरील स्मृतीत असते. बोर्डाबरोबर ती जाते व पुन्हा निर्माण करावी लागते.

डिस्कवर बिटलॉकरचे गुप्तलेखन असल्यास त्याची किल्ली सामान्यतः टीपीएम या सुरक्षा-घटकात असते. बोर्ड बदलला की हा घटकही बदलतो व ४८ अंकी पुनःप्राप्ती किल्ली मागितली जाते. ती नसल्यास माहिती कायमची हातची जाते. येथे कोणत्याही कारागिराचे कौशल्य उपयोगी पडत नाही. बोर्ड चालू असतानाच ही किल्ली कागदावर उतरवून ठेवणे व गुप्तलेखन तात्पुरते स्थगित करणे हाच यावरील उपाय होय.

परवाना : विंडोजची वैधता-नोंदणी २००१ मध्ये एक्सपीपासून सुरू झाली. संगणकाबरोबर मिळालेला परवाना त्या संगणकाच्या मदरबोर्डाशी निगडित मानला जातो. बिघाडामुळे बोर्ड बदलल्यास परवाना टिकतो. केवळ सुधारणेसाठी बदलल्यास तो संगणक नवा मानला जातो. स्वतंत्रपणे विकत घेतलेला परवाना नव्या बोर्डावर नेता येतो. २०१६ पासून विंडोज १० चा अंकीय परवाना वापरकर्त्याच्या खात्याशी जोडता येतो व बोर्ड बदलल्यावर त्या आधारे पुन्हा वैध करता येतो. यंत्राच्या आज्ञावलीचा परवाना वेगळा पाहावा लागतो. तो डोंगलमध्ये (जोडावयाच्या लहान कुलूप-साधनात) असेल, तर त्यासाठी समांतर पोर्ट वा यूएसबी आवश्यक असते. बोर्डाच्या जाळे-क्रमांकाशी बांधलेला असेल, तर पुरवठादाराकडून नवा घ्यावा लागतो.

बदलापूर्वीची तपासणी : बोर्ड गेला असे समजले जाणाऱ्या अनेक प्रसंगी दोष अन्यत्र असतो. बोर्डावरील ३ व्होल्टची सीआर २०३२ बॅटरी संपली की तारीख मागे जाते आणि साठवण नियंत्रकाची पद्धत मूळपदावर येऊन संगणक सुरू होत नाही. थोड्या रुपयांची बॅटरी बदलून व मांडणी पूर्ववत करून तो चालू होतो. स्मृतिपट्टीचे संपर्क रबराने पुसणे व वीजपुरवठा-पेटी बदलून पाहणे हेही आधी करावे. कार्यशाळेतील धातूची सूक्ष्म धूळ, तेलाचे तुषार आणि पावसाळ्यातील दमटपणा यांमुळे बोर्डावर गळती-प्रवाह व गंज उद्भवतात; काळजीपूर्वक स्वच्छ केल्यास काही बोर्ड पुन्हा चालतात. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या अनेक बोर्डांवरील विद्युत् अपघटनी धारित्रे सदोष असून ती माथ्यावर फुगतात. ती बदलण्याची दुरुस्ती बाजारात ‘चिप लेव्हल’ काम म्हणून ओळखली जाते. जुना बोर्ड दुरुस्त झाल्यास प्रणालीचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून यंत्राशी निगडित संगणकाबाबत हा पर्याय प्रथम अजमावावा.

कार्यपद्धती : प्रथम हार्डडिस्क काढून दुसऱ्या संगणकावर तिची संपूर्ण प्रतिकृती नव्या डिस्कवर करतात व पुढील सर्व प्रयोग प्रतिकृतीवरच करतात; मूळ डिस्क बाजूस ठेवतात. हा नियम पाळल्यास कोणतीही चूक अखेरची ठरत नाही. जुन्या बोर्डावरील चिपसंचाचे नाव, विस्तार खाचांचे प्रकार व पोर्ट नोंदवितात. यंत्राचे नियंत्रक-पत्र (कार्ड) आयसा खाचेत बसणारे असल्यास विशेष दक्षता लागते. ही खाच २००० च्या सुमारास सामान्य बोर्डांवरून नाहीशी झाली, परंतु औद्योगिक वापराच्या काही बोर्डांवर ती मिळते. कार्यक्रम पाठविण्यासाठी आरएस-२३२ हे क्रमिक पोर्ट लागते. निवडीचा क्रम असा : तोच बोर्ड, त्याच चिपसंचाचा बोर्ड, त्याच उत्पादकाचा समीपचा चिपसंच आणि अखेरीस अन्य कोणताही.

बोर्ड बसविताना वीज तोडून शरीरावरील स्थिरविद्युत् भार भूसंपर्कित धातूस स्पर्श करून घालवितात. पेटीतील आधार-खुंट्या नव्या बोर्डाच्या छिद्रांशी जुळवितात, कारण अनावश्यक खुंटी मंडलास मागून टेकल्यास लघुमंडल होते. प्रथम डिस्क न जोडता प्रारंभक मांडणी तपासून तारीख व साठवण पद्धत जुळवितात. नंतर प्रतिकृती-डिस्क जोडून प्रणाली सुरू करतात. ड्रायव्हर बसल्यावर यंत्राची आज्ञावली उघडून पोर्टांचे क्रमांक पडताळतात. शेवटी ज्ञात मापाच्या नमुन्यावर मापन करून किंवा यंत्र भागाविना चालवून पाहून मगच उत्पादन सुरू करतात. या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असल्याने असे काम बहुधा त्या दिवशी योजणे सोयीचे पडते.

मर्यादा : एक्सपीचा अधिकृत आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. बोर्ड बदलून अशी प्रणाली चालू ठेवता येते, पण तिच्यातील सुरक्षा-उणिवा तशाच राहतात; म्हणून असा संगणक इंटरनेटपासून अलग ठेवावा. जुळणारे बोर्डही उत्तरोत्तर दुर्मिळ होत जातात. यंत्र चालू असतानाच डिस्कची प्रतिकृती, परवान्यांची नोंद आणि शक्य तर त्याच जातीचा एक शिलकी बोर्ड जपून ठेवणे हा या बाबतीतील सर्वांत स्वस्त विमा होय.