दिल्लीला गेलेला कागद

(आकाशवाणीच्या जळगाव केंद्रावरील भाषणाचा संपादित भाग)

मी कविता करणारा माणूस. औद्योगिक धोरणावर बोलणार म्हटल्यावर मित्र हसले. पण माझे एक लेखन असे आहे की ते माझ्या कोणत्याही संग्रहात नाही, आणि त्याखाली धुळ्यातल्या तेवीस यंत्रमागवाल्यांच्या सह्या आहेत. त्या कागदापासूनच सुरुवात करतो.

2021 चा नोव्हेंबर. धुळ्याला मामूंकडे गेलो होतो. त्यांचे आठ माग, पॉलिस्टरचे कापड विणतात. घरात सगळे एकाच विषयावर बोलत होते, जीएसटी. त्या वेळी पॉलिस्टरच्या तंतूवर 18 टक्के, धाग्यावर 12 टक्के आणि कापडावर 5 टक्के कर होता. कच्च्या मालावर जास्त आणि पक्क्या मालावर कमी, अशी ही उलटी रचना. तिच्यात आधी भरलेला कर अडकून पडतो, अशी उद्योगातल्या अनेकांची जुनी तक्रार होती. सप्टेंबरात लखनौला जीएसटी परिषद भरली आणि त्यावर तोडगा निघाला. 1 जानेवारी 2022 पासून कृत्रिम तंतू, धागा, कापड आणि तयार कपडे, सर्वांवर सरसकट 12 टक्के.

कागदावर हे नीटनेटके दिसते. मामूंचा हिशेब वेगळा होता. मीटरला 40 रुपयांचे कापड धरा. त्यावर 2 रुपये कर होता, तो 4 रुपये 80 पैसे होणार. धाग्यावर भरलेला कर त्यातून वजा होतो, हे खरे. पण उरलेली रक्कम पुढच्याच महिन्यात रोख भरायची आणि कापड घेणारा व्यापारी पैसे देणार तीन महिन्यांनी. शिवाय कापड महागले की गिऱ्हाईक हात आखडते.

मामू म्हणाले, "भांजे, तू बी.ए. झालास, कविता करतोस. एक निवेदन लिहून दे."

मी रात्री बसून लिहिले. मागाचा आवाज थांबला तर वस्तीची छाती धडधडायची थांबेल, असे काहीसे. सकाळी ते मोहल्ल्यातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना दाखवले. चष्मा पुसत ते म्हणाले, "मियाँ, हे मुशायऱ्यात वाचा. दिल्लीतला माणूस विचारील, माग किती, महिन्याला कापड किती, उधारी किती दिवसांची, कर वाढला तर किती माग बंद पडतील. ते कुठे आहे?"

पुढचे दोन दिवस वही घेऊन मी घरोघर फिरलो. निवेदन दोन पानांचे झाले, त्यात एकही उपमा नव्हती.

सुरतेपासून तमिळनाडूपर्यंत विणकर, व्यापारी आणि कपडे शिवणारे यांच्या संघटनांनी तेव्हा अशीच निवेदने पाठवली. काही ठिकाणी बाजार बंद राहिले. अनेक राज्यांच्या मंत्र्यांनी विरोध नोंदवला. 31 डिसेंबरला, म्हणजे नवा दर लागू होण्याच्या आदल्या दिवशी, परिषदेने कापडावरची वाढ पुढे ढकलली. ते आमच्या कागदामुळे झाले, असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. पण त्या ढिगाऱ्यात आमचाही एक कागद होता.

धोरण दिल्लीत लिहिले जाते, पण ते लिहिणाऱ्याच्या टेबलावर कोणाचे कागद पडलेले असतात, यावर बरेच अवलंबून असते. हे आजचेही नाही. मुंबईच्या गिरणीमालकांनी 1875 साली आपला संघ स्थापन केला. आपल्या जळगावात त्याच दशकात कापडगिरणी उभी राहिली. पण तेव्हा लंडनमध्ये इंग्लंडच्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचे वजन जास्त होते. त्यांच्या आग्रहामुळे 1896 साली इथल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला. परदेशी कापडावर जेवढा आयात कर, तेवढाच देशी कापडावर. तो निघायला तीस वर्षे लागली.

पुढे 1944 साली जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास आदी आठ जणांनी 'मुंबई योजना' मांडली. पंधरा वर्षांत दहा हजार कोटींची गुंतवणूक करावी आणि त्यात सरकारने मोठा वाटा उचलावा, असे खुद्द उद्योगपतींनीच सुचवले होते. स्वातंत्र्य यायचे होते, पण या मंडळींनी आपला मसुदा आधीच देशापुढे ठेवला होता.

मात्र 'उद्योगजगताची मागणी' अशी बातमी वाचली की मी विचारतो, कोणत्या उद्योगाची? आमच्या घरातच दोन उद्योग होते. आजोबा हातमागावर लुगडी विणत, मामूंनी यंत्रमाग घातले. 1985 च्या कायद्याने बावीस प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवले. यंत्रमागवाले न्यायालयात गेले. 1993 साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला, पण 1996 मध्ये यादी अकरा प्रकारांवर आली. आजोबा आणि मामू एकाच दस्तरखानावर जेवत. पण एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा होता.

आता दिल्लीतली रीत पाहा. नवे धोरण करताना मंत्रालय चर्चेचा मसुदा काढते, अभिप्राय मागवते. अर्थसंकल्पापूर्वी अर्थमंत्री उद्योगांच्या प्रतिनिधींना बोलावतात. फिक्की, सीआयआय यांसारख्या महासंघांची दिल्लीत कार्यालये आहेत, पगारी अभ्यासक आहेत. मसुदा आला की त्यांचा अहवाल तयार होतो. यात गैर काही नाही. कारखाना कसा चालतो हे कारखानदाराला विचारायलाच हवे. पण ज्याच्याकडे अभ्यासक नाही, त्याचे म्हणणे मंत्रालयापर्यंत जायचे कसे?

2011 च्या राष्ट्रीय उत्पादन धोरणाने उद्दिष्ट ठेवले होते की 2022 पर्यंत देशाच्या एकूण उत्पन्नात कारखानदारीचा वाटा 25 टक्के व्हावा आणि दहा कोटी नवे रोजगार निर्माण व्हावेत. वाट्याचे ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. 2021 च्या सप्टेंबरात कृत्रिम धाग्याच्या कापडासाठी 10,683 कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली. तेव्हा तिच्या एका भागात किमान गुंतवणुकीची अट 300 कोटींची होती, दुसऱ्यात 100 कोटींची. मामूंना हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "आठ मागांवर काही नाही का?"

कराचा प्रश्न मात्र पुढे सुटला. 22 सप्टेंबर 2025 पासून तंतूवरचा 18 टक्के आणि धाग्यावरचा 12 टक्के कर उतरून दोन्हींवर 5 टक्के झाला. म्हणजे कापड वर नेण्याऐवजी कच्चा माल खाली आणला. वरच्यांची तक्रार मिटली आणि खालच्यांवर बोजाही आला नाही. आधीच्या निर्णयापासून हा मार्ग सापडायला चार वर्षे लागली. पहिल्याच वेळी दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी शेजारी ठेवले असते, तर कदाचित लवकर सापडला असता.

म्हणून आपल्या भागातल्या डाळमिलवाल्यांना, चटईवाल्यांना, मागवाल्यांना माझे सांगणे आहे. संघटना करा, आकडे लिहून ठेवा, मसुदा आला की मुदतीत उत्तर द्या. संप आणि मोर्चा यांच्या आधी वही येते.

एक गोष्ट राहिली. निवेदनावर सह्या चालल्या होत्या, तेव्हा मामूंच्या कारखान्यात कांड्या भरणारी एक बाई चहा घेऊन आली. तिने विचारले, "भाई, यात आमचं काय लिहिलं?"

मी दोन्ही पाने पुन्हा वाचली. माग होते, मीटर होते, उधारीचे दिवस होते. तिच्या मजुरीवर एक ओळही नव्हती. सह्या झाल्या होत्या, वेळही नव्हता. कागद तसाच गेला.

त्याची एक प्रत माझ्याकडे आहे. पुढचे निवेदन लिहायची वेळ येईल, तेव्हा मी आधी तिच्या घरी वही घेऊन जाणार आहे.